समुद्रतळाचा अडुळसा

शेताच्या बांधावर अडुळशाचे कुंपण असलेल्या शेतकऱ्याला एक गोष्ट चांगली ठाऊक असते. शेळी बाभळीचे काटे चुकवून पाला ओरबाडते, बोरीचे शेंडे खाते, संधी मिळताच शेजाऱ्याच्या तुरीत शिरते. पण अडुळशापुढून जाताना ती तोंड फिरवते. गाई-म्हशीही त्याच्या वाटेला जात नाहीत. कारण साधे आहे. अडुळशाचे पान कडू असते. त्याला पाय नाहीत की तो पळून जाईल, शिंगे नाहीत की तो अंगावर येईल. एका जागी उभे राहून जगायचे, तर खाणारा दुसऱ्यांदा फिरकणार नाही असे काहीतरी अंगात हवे. ते त्याने पानांत साठवले आहे.

याच कडू पानांचा काढा आपल्या आज्या खोकल्यावर देत आल्या. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी या पानांतील वासिसीन नावाचे द्रव्य वेगळे काढले आणि त्याच्या रचनेवरून ब्रोमहेक्सिन हे औषध तयार केले. छातीतला कफ पातळ व्हावा म्हणून डॉक्टर ज्या गोळ्या किंवा बाटल्या लिहून देतात, त्यांतल्या कित्येकांत हे औषध असते. म्हणजे झाडाने ज्या वस्तू स्वतःसाठी बनवल्या, त्यांतून माणसाला औषधाची वाट सापडली.

समुद्राच्या तळाशीही असाच एका जागी चिकटून राहणारा एक जीव आहे. त्याचे नाव स्पंज. त्याच्या अंगातील एका विषावरून स्तनाच्या कर्करोगावरील एक औषध तयार झाले आहे. परंतु त्या विषाचा माग काढताना शास्त्रज्ञांना जो हिशोब मांडावा लागला, तो आपणा शेतकऱ्यांना फार ओळखीचा वाटेल: रास केवढी आणि दाणा किती! न्यूझीलंडच्या थंड समुद्रातून एक टन स्पंज वर काढला, तेव्हा त्यातून हाती लागलेले द्रव्य होते जेमतेम अडीच गुंजा.

स्पंज म्हणजे काय?

पूर्वी पाटी पुसायला आणि अंग घासायला स्पंज मिळत असे, तो पुष्कळांना आठवत असेल. आता बाजारात मिळतो तो बहुतेक कारखान्यात बनवलेला असतो. खरा स्पंज हा प्राणी आहे. दिसायला तो झाडासारखा, बुरशीसारखा किंवा नुसत्या गोळ्यासारखा असतो, पण वनस्पती नव्हे. त्याला तोंड नाही, पोट नाही, हृदय नाही आणि मज्जातंतूही नाहीत. सगळ्या अंगाला बारीक भोके असतात. त्यांतून तो पाणी आत ओढतो, पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो आणि उरलेले पाणी वरच्या मोठ्या भोकातून बाहेर टाकतो. एखादा किलोभर वजनाचा स्पंज दिवसाला हजारो लिटर पाणी गाळू शकतो. आतापर्यंत स्पंजांच्या नऊ हजारांहून अधिक जातींची नोंद झाली आहे.

अशा जीवाचे शत्रू थोडे नाहीत. मासे त्याला कुरतडतात, तारामासे त्याच्यावर चढून बसतात, शेजारचे जीव त्याची जागा बळकावू पाहतात, आणि पाण्यातले जंतू तर त्याच्या भोकाभोकांतून आत शिरत असतात. पळता येत नाही, चावता येत नाही. तेव्हा त्याने अडुळशाचाच मार्ग धरला. अंगात कडू, विषारी, जंतुनाशक द्रव्ये साठवली.

ही द्रव्ये प्रत्येक वेळी स्पंज स्वतःच बनवतो असे मात्र नाही. स्पंजाच्या शरीरात असंख्य सूक्ष्म जीव वस्तीला असतात, आणि कित्येक द्रव्ये तेच तयार करून देतात. हरभऱ्याचे किंवा भुईमुगाचे मूळ उपटून पाहिले तर गाठी दिसतात. त्या गाठींतले जिवाणू हवेतील नत्र पिकाला देतात आणि पीक त्यांना अन्न देते. स्पंजाचा आणि त्याच्या जिवाणूंचा संसारही काहीसा तसाच असतो.

थंड पाण्यातील शस्त्रे

समुद्रातून औषधे शोधण्याच्या कामाला पहिली मोठी चालना मिळाली ती उष्ण पाण्याच्या स्पंजांमुळे. अमेरिकेतील वर्नर बर्गमन आणि रॉबर्ट फीनी यांनी १९५०-५१ च्या सुमारास फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरील एका स्पंजातून काही वेगळीच द्रव्ये काढली. त्यांच्या धर्तीवर सायटाराबीन हे औषध तयार झाले. रक्ताच्या कर्करोगासाठी त्याला अमेरिकेत १९६९ साली मान्यता मिळाली आणि आजही ते वापरात आहे.

त्या काळी बऱ्याच शास्त्रज्ञांची अशी समजूत होती की विषारी स्पंज असायचे ते उष्ण समुद्रात. तिथे स्पंज खाणारे मासे पुष्कळ, म्हणून तिथेच शस्त्रांची गरज. थंड पाण्यात शत्रू कमी, तेव्हा विषही कमी असणार. ही समजूत अंटार्क्टिकाने खोटी ठरवली.

तिथे मॅकमर्डो नावाच्या सामुद्रधुनीत पाण्याचे तापमान बारा महिने शून्याच्याही खाली, उणे १.८ अंशांच्या आसपास असते. खारट असल्यामुळेच ते गोठत नाही. वर बर्फाचे छत आणि खाली तळावर स्पंजांची दाट वस्ती. जेम्स मॅक्लिंटॉक या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९८७ साली तेथील स्पंजांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि त्यांतले बरेच स्पंज विषारी आहेत असे दिसून आले. तिथे मासे फारसे स्पंज खात नाहीत हे खरे, पण तारामासे खातात. शत्रू बदलला, तरी शस्त्राची गरज राहिलीच.

यातली एक गोष्ट तर शेतकऱ्याने कान देऊन ऐकावी अशी आहे. आयसोडिक्टिया एरिनेशिया नावाच्या अंटार्क्टिकातील पिवळ्या स्पंजात एरेबुसिनोन हे द्रव्य सापडले. कोळंबीच्या नात्यातले काही चिमुकले कवचधारी जीव तिथे फार असतात. प्रयोगशाळेत त्यांच्या खाण्यात हे द्रव्य मिसळले, तेव्हा त्यांचे कात टाकणे कमी झाले आणि मरणारे वाढले. भातावरील तुडतुड्यांसाठी आपण बुप्रोफेझिन फवारतो, तेही किडीच्या कात टाकण्यातच अडथळा आणते. माणसाने कीटकनाशकाच्या कारखान्यात जी युक्ती वापरली, तिच्यासारखीच युक्ती बर्फाखालच्या स्पंजाच्या अंगात निघाली.

दुसरे उदाहरण २०१६ सालचे आहे. डेंड्रिला नावाच्या अंटार्क्टिकातील स्पंजातून बिल बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डार्विनोलाइड हे द्रव्य वेगळे केले. नेहमीच्या औषधांना दाद न देणारे स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू असतात. ते जखमेवर किंवा शरीरात बसवलेल्या नळीवर चिकट थर करून राहतात. ठिबकच्या नळीत बुळबुळीत थर साचला की नुसत्या पाण्याने तो निघत नाही, तसाच हा थर औषधाला आत शिरू देत नाही. प्रयोगशाळेत डार्विनोलाइड दिल्यावर अशा थरातले जेमतेम १.६ टक्के जंतू जगले. मात्र हा प्रयोग काचेच्या भांड्यातला आहे. भांड्यातून रोग्याच्या खाटेपर्यंतची वाट लांब असते आणि बहुतेक द्रव्ये त्या वाटेवरच गळतात. शेवटपर्यंत पोहोचलेल्या एका द्रव्याची हकीकत आता पाहू.

सहाशे किलोत तांदळाचा दाणाही नाही

ही हकीकत सुरू होते जपानमध्ये. तोक्योच्या दक्षिणेला मिउरा द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर हॅलिकॉन्ड्रिया ओकादाई नावाचा काळा स्पंज खडकांना चिकटलेला आढळतो. योशिमासा हिराता आणि दाइसुके उएमुरा या रसायनशास्त्रज्ञांनी तो ६०० किलो गोळा केला आणि त्यातील द्रव्ये एकेक करून वेगळी केली. त्यांतल्या एकाला त्यांनी हॅलिकॉन्ड्रिन बी असे नाव दिले आणि १९८६ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. सहा क्विंटल स्पंजातून हे द्रव्य मिळाले १२.५ मिलिग्रॅम. तांदळाच्या एका दाण्याचेही तेवढे वजन भरणार नाही.

पण त्या कणभर द्रव्याचा जोर विलक्षण होता. कर्करोगाच्या पेशी अगदी थोड्या मात्रेत मरत होत्या. १९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील शास्त्रज्ञांनी ते नेमके कसे काम करते याचा उलगडा केला.

तो थोडक्यात असा. आपल्या शरीरातील पेशी एकीच्या दोन होतात, तेव्हा आतला वारसा, म्हणजे गुणसूत्रे, दोन सारख्या वाट्यांत ओढून न्यावी लागतात. मोटेचा नाडा जशी मोट ओढतो, तशा पेशीतल्या अतिसूक्ष्म दोऱ्या गुणसूत्रे ओढतात. या दोऱ्या तयार मिळत नाहीत, त्या वेळोवेळी वळाव्या लागतात. काथ्याची दोरी वळणारा माणूस टोकाला नवा काथ्या जोडत जातो आणि दोरी लांबत जाते, तसेच इथेही टोकाला एकेक तुकडा जोडला जातो. हॅलिकॉन्ड्रिन नेमके त्या टोकावर जाऊन बसते. नवा तुकडा जोडता येत नाही, दोरी अपुरी राहते, वाटणी अडकते आणि अडकलेली पेशी मरते. कर्करोगाच्या पेशी भराभर दुभागत असतात, म्हणून त्यांना हा फटका अधिक बसतो.

औषध उत्तम, पण आणायचे कुठून? प्रश्न इथे आला.

कायकोराचा एक टन

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर कायकोरा नावाचे गाव आहे. किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्र एकदम खोल होतो. खालचे थंड, पोषक पाणी वर येते, आणि म्हणून तिथे देवमाशांपासून कोळंब्यांपर्यंत सर्वांची चंगळ असते. तिथल्या खोल, थंड तळावर सुमारे शंभर मीटर खाली लिसोडेंडोरिक्स जातीचा एक पिवळा स्पंज सापडला, आणि त्यात हॅलिकॉन्ड्रिन बी असल्याचे ख्राइस्टचर्च येथील कँटरबरी विद्यापीठाच्या जॉन ब्लंट व मरे मन्रो यांच्या गटाला दिसून आले. जपानच्या काळ्या स्पंजाशी याचे जवळचे नाते नाही. तरीही द्रव्य तेच. म्हणूनच शास्त्रज्ञांना शंका आहे की त्याचा खरा कारागीर स्पंज नसून त्याच्या अंगात राहणारा एखादा सूक्ष्म जीव असावा.

कर्करोग संस्थेला चाचण्यांसाठी द्रव्य हवे होते. १९९० च्या दशकात एक टन स्पंज काढण्याचे ठरले. पण लगेच जाळे टाकले नाही. आधी समुद्राच्या तळाची पाहणी करून या स्पंजाचा एकूण साठा किती आहे याचा अंदाज बांधला. तो निघाला सुमारे ३०० टन, आणि तोही थोड्या चौरस किलोमीटरांच्या पट्ट्यात. तेव्हा तीनशेत एक एवढाच वाटा उचलला. त्या एक टनातून सुमारे ३०० मिलिग्रॅम हॅलिकॉन्ड्रिन बी मिळाले. सोनाराच्या जुन्या मापात सांगायचे तर अडीच गुंजा.

आता वहीवर आकडे मांडून पाहा. हे औषध बाजारात आले तर वर्षाला १ ते ५ किलो लागेल, असा त्या वेळी अंदाज होता. एका टनाला ३०० मिलिग्रॅम, म्हणजे एक किलोसाठी सुमारे ३,३०० टन स्पंज लागणार. पाच किलोंसाठी १६,००० टनांहून अधिक. आणि समुद्रात सगळा मिळून ३०० टन. पहिल्या वर्षीच सगळा पट्टा खरवडून काढला असता, तरी शंभर ग्रॅमदेखील औषध हाती आले नसते, आणि दुसऱ्या वर्षासाठी समुद्रात काहीच उरले नसते. बियाण्याची कणगी दळून खाणाऱ्या घराची जी गत होते, तीच इथे झाली असती. हा हिशोब जाळे टाकण्यापूर्वी झाला, ही यातली शहाणपणाची गोष्ट. औषधाच्या लोभाने जंगलातली मुळे उपटून संपवल्याची उदाहरणे आपल्याकडेही कमी नाहीत.

पाण्याखालची लागवड

मग न्यूझीलंडमधील लोकांनी शेतकऱ्याच्या डोक्याने विचार केला. काढायचे नसेल तर लावायचे. स्पंजाचा एक गुण असा की त्याचा तुकडा कापून ठेवला तर तो तुकडा स्वतंत्रपणे वाढू लागतो. उसाचे बेणे लावतो तसेच. शास्त्रज्ञांनी लिसोडेंडोरिक्सचे छोटे तुकडे घेतले आणि कालवांच्या शेतीत वापरतात तशा दोरांना ते उथळ पाण्यात टांगून पाहिले. शंभर मीटर खोलीवरचा हा जीव किनाऱ्याजवळच्या पाण्यात जगेल का, आणि जगला तरी अंगात ते द्रव्य बनवील का, हे दोन प्रश्न होते. दोन्हींचे उत्तर होय असे आले.

तरीपण हजारो टनांचे पीक समुद्रात टांगणे ही सोपी गोष्ट नव्हती. वादळ, रोगराई, गढूळ पाणी, चांगल्या-वाईट वर्षांची चढउतार, हे सगळे समुद्रातल्या शेतीलाही चुकत नाही. शिवाय टनभर मालातून चिमूटभर द्रव्य शुद्ध करून काढण्याचा खर्च वेगळाच. लागवड यशस्वी झाली, पण औषधाचा मार्ग दुसरीकडून निघाला.

अर्धे पुरे झाले

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात योशितो किशी हे जपानी रसायनशास्त्रज्ञ होते. (२०२३ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले.) १९९२ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅलिकॉन्ड्रिन बी प्रयोगशाळेत संपूर्णपणे घडवून दाखवले. स्पंजाचा एक तुकडाही न वापरता, साध्या रसायनांपासून! हा रेणू केवढा अवघड आहे याची कल्पना यावी म्हणून सांगतो: त्यात ६० कार्बनचे अणू एकमेकांत गुंतलेले आहेत. त्यांतल्या पुष्कळ ठिकाणी जोड डावीकडे वळतो की उजवीकडे, यावर सगळे अवलंबून असते. एक वळण चुकले की औषध निकामी.

किशींच्या प्रयोगशाळेत हा मोठा रेणू बनवताना त्याचे अर्धवट तुकडेही तयार झाले होते. एसाई या जपानी औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांनी ते तुकडे तपासले आणि त्यांना आश्चर्याची गोष्ट आढळली. पेशींना मारण्याचा सगळा जोर रेणूच्या उजव्या अर्ध्या भागात होता. डावा अर्धा नसला तरी चालत होते. मग त्या उजव्या भागात फेरफार करीत करीत त्यांनी एक नवे, लहान द्रव्य तयार केले. त्याचे नाव एरिब्युलिन. यात कार्बनचे अणू ४० आहेत. लहान झाले तरी ते बनवायला साठाहून अधिक पायऱ्या लागतात.

अडुळशाच्या वासिसीनवरून ब्रोमहेक्सिन आले, तशीच ही गोष्ट झाली. निसर्गाने नमुना दिला आणि माणसाने त्यावरून आपल्या गरजेपुरते घडवले. आज या औषधासाठी समुद्रातून एकही स्पंज काढावा लागत नाही. कायकोराच्या तळावरील तो पट्टा खरवडण्याची वेळ आली नाही.

औषध काय करते आणि काय करीत नाही

आता खरा प्रश्न. याने रोगी बरा होतो का?

एरिब्युलिनची मोठी चाचणी ७६२ स्त्रियांवर झाली. त्या सर्वांचा स्तनाचा कर्करोग शरीरात इतरत्र पसरलेला होता आणि त्यांनी याआधी निदान दोन प्रकारची रसायन-औषधे घेऊन झाली होती. काहींना एरिब्युलिन दिले आणि बाकीच्यांना त्यांच्या डॉक्टरांना योग्य वाटेल ते दुसरे औषध दिले. दुसऱ्या गटातील निम्म्या स्त्रिया १०.६ महिन्यांहून अधिक जगल्या, तर एरिब्युलिन घेतलेल्या निम्म्या स्त्रिया १३.१ महिन्यांहून अधिक. या आधारावर १५ नोव्हेंबर २०१० रोजी अमेरिकेने औषधाला मान्यता दिली. २०११ साली युरोप आणि जपाननेही दिली. २०१६ साली चरबीच्या पेशींत उद्भवणाऱ्या एका दुर्मीळ कर्करोगासाठीही ते मान्य झाले. भारतातील कर्करोग रुग्णालयांतही ते वापरले जाते.

फरक अडीच महिन्यांचा आहे. कोणी म्हणेल, एवढ्या वर्षांच्या खटाटोपातून एवढेच? रोपे लावल्यापासून भात निसवेपर्यंतचा हा काळ. ज्या घरात आई अंथरुणाला खिळली आहे, त्या घराला विचारा अडीच महिने म्हणजे काय ते. मुलाची परीक्षा, लेकीचे बाळंतपण, परगावच्या भावाची भेट एवढ्यात होऊन जाते. आणि हा मधला आकडा आहे. काही स्त्रिया त्याहून बऱ्याच अधिक जगल्या, काहींना फारसा उपयोग झाला नाही.

पण हे औषध पसरलेला रोग मुळासकट काढून टाकत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ते शिरेतून टोचून देतात. तीन आठवड्यांच्या फेरीत पहिल्या आणि आठव्या दिवशी. ते विषावरूनच बनलेले आहे, तेव्हा त्याचा त्रासही होतो. केस गळतात, थकवा येतो, हातापायांना मुंग्या येऊन बधिरपणा येतो. सर्वांत जपायचे ते रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होण्याला. असे औषध चालू असताना रोग्याला ताप आला, तर घरी काढा देत बसू नये. रात्र असली तरी त्याच वेळी रुग्णालयात न्यावे.

फसवणुकीपासून सावध

समुद्री जीवांतून औषध निघाले अशी बातमी पसरली की काही काळाने बाजारात समुद्री चूर्णे आणि अर्क येऊ लागतात. “गाठ विरघळते, ऑपरेशन नको” असे सांगून ते विकले जातात. वरचा हिशोब वाचलेल्या माणसाला अशा विक्रेत्याला काय विचारायचे ते कळेल. एक टन स्पंजात अडीच गुंजा द्रव्य, तेही कित्येक वेळा शुद्ध केल्यावर आणि अचूक मापाने टोचल्यावर उपयोगी पडते. मग तुमच्या डबीतल्या चमचाभर भुकटीत आहे तरी काय? स्पंज वाळवून, कुटून खाल्ल्याने कर्करोग बरा होत नाही. उलट अशा उपायांत जे दोन-चार महिने जातात, ते रोगाला मिळतात.

प्रयोगशाळेतील बातम्याही याच चाळणीतून वाचाव्यात. अलास्काच्या थंड समुद्रात २००५ साली सापडलेल्या एका हिरव्या स्पंजातील द्रव्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या पेशी मारतात, असे २०१७ साली जाहीर झाले. शोध मोलाचा आहे. पण पेशी मारणे वेगळे आणि माणूस वाचवणे वेगळे. हॅलिकॉन्ड्रिन बीची माहिती प्रसिद्ध झाल्यापासून एरिब्युलिनला मान्यता मिळेपर्यंत २४ वर्षे लागली, हे लक्षात ठेवावे. आपल्याकडेही असा शोध चालतो. १९६६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे मुख्यालय गोव्यात दोना पावला येथे आहे, आणि आपल्या समुद्रातील जीवांमधील औषधी द्रव्यांवर तिथेही काम झाले आहे. या कामाला वेळ द्यावा लागतो.

आपल्या हातात काय आहे?

भारतातील स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचाच आहे. आणि आपल्याकडे पुष्कळ स्त्रिया डॉक्टरकडे उशिरा पोहोचतात. गाठ लागते, पण दुखत नाही म्हणून राहू देतात. सुगी आहे, मग पाहू. मुलाचे लग्न आहे, मग पाहू. नवऱ्याला कसे सांगायचे, पुरुष डॉक्टरला कसे दाखवायचे, या संकोचात महिने जातात. अडीच महिने मिळवण्यासाठी जगभरच्या शास्त्रज्ञांनी केवढे कष्ट घेतले ते आपण वाचले. आपण संकोचात सहा महिने घालवतो.

तेव्हा पुढील गोष्टी घरातील सर्वांनी ध्यानात ठेवाव्यात.

१) स्तनात किंवा काखेत गाठ लागली, त्वचेला खळगा पडला, संत्र्याच्या सालीसारखी जाडसर झाली, बोंड आत ओढले गेले किंवा त्यातून रक्त अथवा पाणी आले, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे.

२) गाठ दुखत नाही म्हणून ती निरुपद्रवी असे समजू नये. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही.

३) बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. म्हणून घाबरूनही जाऊ नये. पण ते ठरवायचे तपासणीने, शेजारणीच्या अंदाजाने नव्हे.

४) तीस वर्षांवरील स्त्रियांची स्तनतपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत करण्याची योजना आहे. आशाताईंकडे किंवा परिचारिकेकडे चौकशी करावी. संकोच वाटत असेल तर स्त्री डॉक्टर किंवा परिचारिका केव्हा असते ते विचारून घ्यावे.

५) सुई घालून गाठीचा तुकडा तपासल्याने रोग पसरतो, ही भीती मनातून काढून टाकावी. तपासणीवाचून उपचार ठरवता येत नाही.

६) पुरुषांनाही हा रोग क्वचित होतो. त्यांनीही गाठ लपवू नये. आणि घरातील स्त्रीने काही सांगितले तर “काम झाल्यावर बघू” असे म्हणू नये. त्याच आठवड्यात तिच्याबरोबर जावे.

लवकर सापडलेला स्तनाचा कर्करोग पुष्कळदा पूर्ण बरा होतो. तेव्हा एरिब्युलिनपर्यंत जाण्याची पाळीच येत नाही. बोंडअळीची अंडी पानाखाली दिसली त्याच दिवशी पाऊल उचलणारा शेतकरी आणि बोंडे पोखरल्यावर फवारणीला निघणारा शेतकरी, यांच्या पिकातला फरक आपल्याला कोणी शिकवायला नको. शेतावर जी नजर ठेवतो, तीच घरातल्या माणसांच्या प्रकृतीवरही ठेवावी.